क्रुसावरचा येशू, रिकामा क्रूस आणि नुसता खांब

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत आहे. शाळेच्या चॅपलमध्ये क्रुसावर येशूची मूर्ती आहे, हातापायांत खिळे, कुशीत जखम. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाबरोबर त्यांच्या चर्चला गेलो, तर तिथला क्रूस रिकामा. मागच्या महिन्यात दारावर दोन बायका आल्या. त्या म्हणाल्या, क्रूस नव्हताच, सरळ खांब होता. आणि येशू देहानं उठला हेही खरं नाही. पुस्तक एकच, मग उत्तरं तीन कशी? आणि मुलगी विचारते, त्याला खाली का उतरवत नाहीत? तिला काय सांगू?"

ताई, मुलीचा प्रश्न सगळ्यांत अवघड, म्हणून तो शेवटी घेतो.

मी एकतीस वर्षं पाळक होतो, निम्मी कोल्हापूर शहरात, निम्मी पन्हाळा आणि गडहिंग्लज भागातल्या खेड्यांत. दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोलायचं आणि रविवारी अंधार असतानाच पुनरुत्थानाची उपासना चालवायची. तुम्ही विचारलेलं सगळं या दोन दिवसांच्या मधे कुठंतरी मलाही कुणी ना कुणी विचारलेलं आहे. मी प्रॉटेस्टंट. माझा कल दिसेलच, तो लपवत नाही.

आधी वाद कुठं नाही ते सांगतो. पंतय पिलात हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमी सुभेदार होता. त्याच्या हुकमानं येशूला खिळून मारलं, हे तुम्हाला भेटलेल्या तिन्ही बाजूंना मान्य आहे. टॅसिटस हा रोमी इतिहासकार ख्रिस्ती मताला घातक अंधश्रद्धा म्हणतो, आणि तोही हा मृत्युदंड नोंदवून ठेवतो. अगदी सुरुवातीच्या काळात मात्र एक विचार होता की देवाचा पुत्र दुःख भोगेल कसा, त्याचं शरीर आणि त्याचं मरण हा नुसता भास होता. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला सुमारे इ.स. ११० मध्ये शिपाई रोमला मारायला घेऊन चालले होते. वाटेत लिहिलेल्या पत्रात तो विचारतो, त्यानं भोगलं तो भास असेल, तर मग मी या बेड्यांत का आहे? मला हा युक्तिवाद कुठल्याही धर्मपरिषदेच्या ठरावापेक्षा जड वाटतो. आभासाचं ते मत पुढं चर्चमध्ये टिकलं नाही. (कुराणात, चौथ्या सुरेच्या १५७व्या आयतीत, त्यांनी त्याला मारलं नाही, क्रुसावर दिलं नाही, त्यांना तसं भासलं, असं आहे. तो ख्रिस्ती घरातला वाद नव्हे, म्हणून इथं एवढंच.)

आता तो खांब. दारावर आलेल्या बायका बहुतेक 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाच्या असाव्यात. त्यांना हसून वाटेला लावू नका, त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'स्तावरोस', आणि जुन्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जमिनीत उभा रोवलेला खांब. गंमत म्हणजे आमच्या मराठी बायबलातला शब्दही 'वधस्तंभ' असाच आहे. त्यात आडव्या लाकडाचा मागमूस नाही. म्हणजे आम्ही पुस्तकात स्तंभ वाचतो आणि भिंतीवर क्रूस टांगतो! कॅथलिक मंडळी सरळ 'क्रूस' म्हणतात, त्यांची या कचाट्यातून सुटका झालेली आहे.

पण शब्दाचा मूळ अर्थ आणि त्या काळातला वापर यांत फरक असतो. पहिल्या शतकापर्यंत रोमी लोकांच्या या शिक्षेला तोच शब्द लागू झाला होता, आणि ती शिक्षा अनेक आकारांच्या लाकडांवर दिली जायची. सुमारे इ.स. २००च्या काही हस्तलिखितांत 'स्तावरोस' शब्दातली दोन अक्षरं एकात एक अशी गुंफली आहेत की हात पसरलेल्या माणसाची आकृती दिसावी. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर साधारण त्याच काळातलं एक टवाळीचं चित्र भिंतीवर कोरलेलं सापडलं: गाढवाच्या डोक्याचा माणूस आडव्या लाकडाला हात ताणून टांगलेला, आणि खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. टवाळखोराला आकार ठरवण्यात कसला स्वार्थ? माझ्या मते आडवं लाकूड होतं. साक्षीदारांच्या स्वतःच्या प्रकाशनांतही १९३६च्या आधी क्रूसच होता. तरीही, खांब होता म्हणणाऱ्याशी मी या एका मुद्द्यावर चहा थंड होऊ देणार नाही. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेचं हाड सापडलं, आरपार खिळा गेलेलं. ते ज्याचं होतं त्याला लाकडाच्या आकारानं काय फरक पडला असेल?

मूर्ती असलेला क्रूस आणि रिकामा क्रूस यांबद्दल आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं: "आमचा येशू उठलाय, म्हणून आमचा क्रूस रिकामा." मीही संडे स्कूलच्या पोरांना वर्षानुवर्षं हेच सांगितलं. ऐकायला छान आहे, पण खरं कारण ते नाही. कॅथलिक लोकांचा येशू उठलेला नाही असं थोडंच आहे? खरं कारण दुसरी आज्ञा, कोरीव मूर्ती करू नको. सोळाव्या शतकात जिनिव्हातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेनं ती कडक पाळली आणि देवळांतल्या मूर्ती काढल्या. जर्मन सुधारक ल्यूथर याच्या अनुयायांनी मात्र क्रुसावरची मूर्ती ठेवली, आजही त्यांच्या वेदीवर ती दिसते. म्हणजे 'प्रॉटेस्टंट म्हणजे रिकामा क्रूस' हे समीकरणही पुरतं खरं नाही. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि पुढं इथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं चालवलं. प्रेस्बिटेरियन म्हणजे कॅल्व्हिनचं घराणं. तुमच्या शेजाऱ्यांच्या चर्चमधला क्रूस रिकामा आहे त्यामागं जिनिव्हा ते कोल्हापूर असा हा प्रवास आहे.

त्याआड एक खोल मतभेद मात्र आहे. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६२ मध्ये सांगितलं की मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेत, क्रुसावरचा तोच यज्ञ रक्ताविना पुन्हा समोर येतो. आम्ही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातल्या 'एकदाच' या शब्दावर बोट ठेवतो आणि प्रभुभोजनाला यज्ञ म्हणत नाही. कॅथलिक मित्र म्हणतात, आम्ही पुन्हा मारत नाही, त्याच एका मरणापाशी जाऊन उभे राहतो. पूर्वी मी यावर फार भांडायचो.

आता मूळ प्रश्न: तो मेला कशासाठी? इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते, आणि कळली की धक्का बसतो. येशू कोण, देव की माणूस, यावर ३२५, ३८१, ४५१ अशा मोठ्या परिषदा बसल्या, शब्द न् शब्द ठरला. पण त्याच्या मरणानं तारण नेमकं कसं झालं, याची व्याख्या त्यांतल्या एकाही परिषदेनं केली नाही. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, फक्त 'आमच्यासाठी' एवढंच आहे. त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यात पुढची शतकं गेली.

मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. हा शब्द आज तरुण पोरांपुढं वाचायची सोय राहिली नाही. खंडणी म्हटलं की त्यांना खंडणीविरोधी पथक आठवतं. मूळ अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवायचा मोबदला. पण शंका उरतेच: दिला कुणाला? ओरिजेन या धर्मपंडितानं तिसऱ्या शतकात म्हटलं, सैतानाला. निसाच्या ग्रेगरीनं चौथ्या शतकात त्याला पंचगंगेच्या काठावर बसून शोभेल असं चित्र दिलं: ख्रिस्ताचं मनुष्यपण हे आमिष, आत देवपणाचा गळ; सैतानानं अधाशासारखं गिळलं आणि अडकला. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला हे पटलं नाही. दरोडेखोराला कसली खंडणी, असा त्याचा रोख. बायबलमधली उपमा जिथं थांबते तिथं थांबावं, पुढं ओढत नेऊ नये, हे मी त्या दुसऱ्या ग्रेगरीकडून शिकलो.

मग अँसेल्म. कँटरबरीचा हा आर्चबिशप. १०९८ मध्ये त्यानं आपला ग्रंथ पुरा केला. त्याच्या भोवतीचं जग सरंजामी होतं. मालकाच्या मानाला धक्का लागला की भरपाई हवीच. देवाच्या मानाचा भंग अमर्याद, म्हणून भरपाई देवमनुष्यानंच करावी. त्याच्या मागोमाग आलेला फ्रेंच पंडित आबेलार म्हणतो, देवाला काही द्यायचं नव्हतं, आपल्यालाच पाझर फुटायचा होता. ते प्रेम पाहून माणूस बदलतो. पुढं सुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिननं, कोर्टकचेरीची भाषा आणली: आपल्या वाटची शिक्षा त्यानं भोगली. आज मैदानातल्या सभांत, पेंटेकॉस्टल असोत की आमचे, ऐकू येतं ते बहुतेक हेच.

मीही हेच सांगायचो, आणि त्यासाठी एक गोष्ट ठरलेली होती. न्यायाधीशापुढं त्याचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो. बाप कायदा मोडत नाही, दंड ठोठावतो, मग खुर्चीवरून खाली उतरून स्वतःच्या खिशातून भरतो. लोक डोळे पुसायचे. एकदा पन्हाळ्याकडच्या एका गावात उपासनेनंतर एक म्हातारी काठी टेकत पुढं आली आणि म्हणाली, "सायब, मग माफ कुटं केलं वो? वसूलच केलं की!" मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन झोप लागली नाही. पुष्कळ नंतर वाचताना कळलं की सोळाव्या शतकात फाउस्टस सोचिनस या इटालियन पंडितानं कॅल्व्हिनच्या लोकांना जवळजवळ हाच प्रश्न टाकला होता: कर्ज फेडून घेतलं असेल तर ते माफ केलं असं म्हणता येत नाही. म्हातारीला सही करता येत नव्हती.

माझं उत्तर आज असं आहे. शिक्षेची भाषा बायबलात आहे. यशयाच्या ५३व्या अध्यायातून ती काढून टाकता येत नाही. पण ती एकटीच घेतली तर बाप रागीट आणि मुलगा मधे पडणारा असं काहीतरी विचित्र होऊन बसतं. प्रेषित पौल तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. वसूल करणारा आणि भरणारा वेगळे नाहीत. आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी जी बाजू कधी सोडली नाही ती आम्ही पार विसरलो होतो: क्रूस म्हणजे लढाई, आणि ती जिंकलेली. ईस्टरला ते गातात की त्यानं मरणानं मरणाला तुडवलं. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात थडग्यातून एकटा बाहेर येणारा येशू नसतो. तुटलेल्या दारांवर उभा राहून तो आदाम आणि हव्वा यांना मनगटाला धरून वर ओढत असतो. हे चित्र त्या म्हातारीला दाखवायला हवं होतं, पण तोवर ती गेली होती.

तो सगळ्यांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी, यावर हॉलंडमधल्या डोर्टच्या सभेत १६१८-१९ मध्ये कॅल्व्हिनच्याच घरात फूट पडली. मेथडिस्ट हेही प्रॉटेस्टंटच, ते म्हणतात सगळ्यांसाठी. मीही तेच म्हणतो, आणि प्रेस्बिटेरियन वळणाच्या चर्चमध्ये वाढूनही त्यावरून मला कुणी बाहेर काढलं नाही.

वाराचा वाद छोटा आहे, पण आपल्याकडच्या माणसाला तो चटकन कळतो. मत्तयात 'तीन दिवस व तीन रात्री' असं आहे, म्हणून काही मंडळी म्हणतात, शुक्रवार चुकीचा, तो बुधवारी मेला. अहो, आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो तेव्हा सात दिवसांनीच बोलावतो ना? घरात कुणी शुक्रवारी गेलं तर तिसरा दिवस रविवारी धरतो, गेलेला दिवस मोजूनच. यहूदी मोजणीही तशीच. शिष्य थोमाला येशू 'आठ दिवसांनंतर' भेटला असं योहान लिहितो, तेही पुढच्या रविवारीच.

तारखेचा घोळ याहून मोठा. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यानुसार शेवटचं भोजन हे वल्हांडण या यहूदी सणाचं जेवण. योहानानुसार वल्हांडण अजून व्हायचा होता आणि कोकरं कापायच्या दिवशी येशू मेला. म्हणून अभ्यासक इ.स. ३०ची ७ एप्रिल किंवा ३३ची ३ एप्रिल यांपैकी एक धरतात. कसंही धरलं तरी तो पौर्णिमेचा सुमार, कारण वल्हांडण वसंतातल्या पौर्णिमेचा. ईस्टरही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. म्हणून बहुतेक वर्षी जोतिबाची चैत्री यात्रा आणि आमचा पवित्र सप्ताह एकमेकांना चिकटून येतात. वाडी रत्नागिरीकडं सासनकाठ्या निघालेल्या, रस्ता गुलालानं लाल, आणि त्यातून मी सायकलवर उत्तम शुक्रवारच्या उपासनेला. २०२५ मध्ये चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती, ईस्टर २० एप्रिलला. २०२४ मध्ये फारकत झाली: ईस्टर ३१ मार्चला आणि यात्रा २३ एप्रिलला, कारण आदल्या वर्षी आपल्याकडं अधिक महिना पडला होता. ईस्टरसाठी जुनं ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ग्रीक आणि रशियन चर्चचा सण त्या वर्षी ५ मे रोजी होता.

शनिवारी येशू कुठं होता? मतांगीकारात 'अधोलोकात उतरला' असं आम्ही म्हणतो. पूर्वेकडं तो मरणाच्या बंदिशाळेवरचा हल्ला, कॅल्व्हिनच्या मते क्रुसावर सोसलेली नरकयातना, आणि बरेच मेथडिस्ट ते वाक्य गाळतातच. बरोबर क्रुसावर दिलेल्या चोराला येशू म्हणतो, 'मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत जणू झोपलेला असतो असं मानणारे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक 'आज' हा शब्द अलीकडं ओढतात: 'मी तुला आज सांगतो'. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत स्वल्पविराम नव्हते. मला त्यांचं वाचन ओढूनताणून वाटतं. 'आज सांगतो' हे कशाला सांगायला हवं?

आता पुनरुत्थान. इथं मी हळू चालतो.

सगळ्यांत जुना मजकूर शुभवर्तमानांतला नाही, पौलाचा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय, इ.स. ५५च्या आसपासचा. तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना. रिकाम्या थडग्याचा उल्लेख त्यात नाही. चारही शुभवर्तमानांत मात्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे थडग्याकडं गेलेल्या बायका आहेत. किती, कोण, देवदूत एक की दोन, येशू गालीलात भेटला की यरुशलेमेत, हे जुळत नाही. मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रतींत गोष्ट तर १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीलाच थांबते: बायका पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढच्या बारा ओव्या नंतरच्या हाताच्या. हे मी व्यासपीठावरून पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोन कुटुंबं माझ्याशी महिनाभर बोलली नाहीत.

रचून सांगणाऱ्यानं बायकांना पहिलं साक्षीदार केलं नसतं, कारण त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. हा नेहमीचा युक्तिवाद आहे आणि मला तो पटतो. त्यानं सिद्ध काही होत नाही, पण कान टवकारतात.

उठला म्हणजे कसा? लूकाचा येशू भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो, 'मला चाचपून पाहा' म्हणतो. योहानाचा बंद दारांतून आत येतो आणि जखमाही दाखवतो. पौल 'आध्यात्मिक शरीर' म्हणतो. यहोवाचे साक्षीदार 'आध्यात्मिक' याच शब्दावर भर देतात: येशू आत्मिक रूपात उठवला गेला, दिसला तो तात्पुरत्या देहांत, आणि मूळ देह देवानं दूर केला. दुसऱ्या टोकाला बुल्टमान आहे. या जर्मन पंडितानं १९४१ मध्ये मांडलं की विजेचे दिवे वापरणाऱ्या माणसाला या कथा शब्दशः घेता येणार नाहीत; ईस्टर म्हणजे शिष्यांच्या मनात जागा झालेला विश्वास. या मताचे पाळक आजही आहेत, आणि ते ढोंगी नसतात.

मी देहानं उठला असं मानतो. पौलाच्या वाक्यात 'आध्यात्मिक' हे विशेषण आहे, नाम 'शरीर' आहे. तो बी आणि रोप यांची उपमा देतो: पेरतो ते वेगळं, उगवतं ते वेगळं, पण जात तीच. येशूनं मेलेल्यांतून उठवलेला लाझार उठला तो पुन्हा मरायला. येशूबद्दल कुणीही तसं म्हणत नाही. जुनं शरीर परत चालू झालं असं मानणारा भोळा श्रद्धाळू आणि शरीराचा काही संबंधच नाही म्हणणारा पंडित, दोघंही पौलाला अर्धाच वाचतात. आणि उठल्यावरही जखमा गेल्या नाहीत, यावर मी सगळ्यांत जास्त वेळा बोललो असेन. बरं करायचंच होतं तर तेवढं का ठेवलं?

आता तुमची मुलगी. तिला रिकाम्या क्रुसाचं समर्थन सांगू नका, कॅथलिक-प्रॉटेस्टंट तर नकोच. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये बहुधा भिंतींवर चौदा छोटी चित्रं ओळीनं लावलेली असतील. ती क्रुसाची वाट. उपवासकाळात शुक्रवारी कॅथलिक मंडळी प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना करतात. सिस्टरना विचारून तिला आत न्या आणि दारापासून मोजायला लावा. बाराव्यात तो मरतो. तेराव्यात त्याला खाली उतरवलेलं आहे, आणि तो आईच्या मांडीवर आहे.